सुरतेचे मीठ

सुरत म्हटली की मराठी मनाला प्रथम स्मरतात त्या शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० सालच्या दोन स्वाऱ्या. मग आठवते ते १९०७ चे काँग्रेस अधिवेशन, जेथे जहाल आणि मवाळ यांची फारकत झाली. परंतु तापीकाठच्या या शहराचा व त्याच्या जिल्ह्याचा आणखी एक इतिहास आहे आणि त्याकडे आमचे सहसा लक्ष जात नाही. तो कराच्या तक्रारींचा इतिहास आहे. या तक्रारी वाढत वाढत स्वराज्याच्या मागणीपर्यंत कशा पोचल्या, हे समजून घेणे कर भरणाऱ्याला जितके उपयोगाचे तितकेच कर बसविणाऱ्यालाही अगत्याचे आहे.

१८४४ साली मुंबई सरकारने काही जुनी जकात रद्द केली आणि ती तूट भरून काढण्यासाठी मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एकदम एक रुपयावर नेला. जकात उठल्याचा लाभ व्यापाऱ्याला, मिठाचा भुर्दंड मात्र गरिबाच्या भाकरीला! सुरतेत त्याविरुद्ध हरताळ पडला आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. सरकारने अखेर कर बारा आण्यांवर आणला. चारच वर्षांनी, १८४८ मध्ये, बंगाली वजनेमापे सक्तीने लागू करण्याचा बेतही याच शहराने हाणून पाडला. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत, दुष्काळाच्या खर्चाचे निमित्त करून, धंद्यावर लायसन कर बसला, तेव्हा सुरतेची दुकाने पुन्हा बंद झाली. त्या वेळी दंगल उसळली आणि गोळीबारही झाला.

या साऱ्या प्रसंगांतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सुरतकरांचे गाऱ्हाणे होते ते कराच्या दराविषयी. कर घेणाऱ्याच्या अधिकाराविषयी त्यांनी प्रश्न उपस्थित केलेला नव्हता. सरकार मायबाप आहे आणि मायबापाने लेकराच्या तोंडचा घास काढू नये, एवढीच त्यांची विनवणी होती. सरकारने कधी चार आणे सोडले, कधी बंदूक उगारली. पण तुम्हांला विचारून कर बसवू, असे ते एकदाही म्हणाले नाही.

अमेरिकेतील वसाहतींची कथा याहून फारशी निराळी नाही. १७६५ च्या मुद्रांक कायद्याने तेथे असंतोष माजला, तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने वर्षभरात तो कायदा मागे घेतला. परंतु त्याच दिवसांत, वसाहतींवर हवा तो कायदा लादण्याचा आपला अधिकार अबाधित आहे, असे जाहीर करणारा दुसरा कायदाही तिने संमत केला. हातातला पैसा सोडला, हेका मात्र सोडला नाही. १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात जो चहा पाण्यात फेकला गेला, तो नव्या कायद्यामुळे उलट स्वस्तच होणार होता! चहाची किंमत हा तेव्हा वादाचा विषयच उरला नव्हता. आमचा एकही प्रतिनिधी नसलेल्या सभागृहाने आमच्यावर कर का बसवावा, हा सवाल पुढे आला होता. दोन वर्षांत त्याचे उत्तर बंदुकांनी दिले आणि १७७६ च्या जुलैत एक नवे राष्ट्र जन्मास आले.

सुरत जिल्ह्यात हा सवाल स्पष्टपणे पुढे यायला १९२८ साल उजाडावे लागले. बारडोली तालुक्यातील १३७ गावांच्या शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली. तापी खोऱ्यातील रेल्वे आली, कापसाचे भाव चढले, मजुरी वाढली, नवी घरे उठली, म्हणून शेतकरी सधन झाला, असे कागदोपत्री गणित मांडण्यात आले. अधिकाऱ्यांनी सुचविलेली सुमारे तीस टक्क्यांची वाढ सरकारने बावीस टक्क्यांवर आणली आणि आपण औदार्य दाखविले अशी समजूत करून घेतली. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली बारडोलीने सारा न भरण्याचा निश्चय केला. निःपक्षपाती चौकशी करा, एवढीच मागणी होती. हा लढा स्वराज्यासाठी नाही, असे पुढारी कटाक्षाने सांगत होते.

जमिनी जप्त झाल्या, गुरे लिलावात गेली. जप्तीच्या धास्तीने शेतकऱ्यांनी महिनोन्महिने म्हशींसह स्वतःला घरात कोंडून घेतले. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या कुंझरू, वझे व ठक्कर या नेमस्त मंडळींनी जागेवर जाऊन पाहणी केली आणि फेरचौकशीची मागणी रास्त ठरविली. कन्हैयालाल मुनशींनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. तरीही गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी जुलैत कायदेमंडळापुढे बोलताना, या भागात सम्राटांचा हुकूम चालतो की नाही हाच खरा प्रश्न आहे, असा पवित्रा घेतला. आमच्या मते बारडोलीच्या लढ्यातील सर्वांत महत्त्वाचे भाषण हेच होय. जे पुढारी म्हणत नव्हते, ते गव्हर्नरांनीच म्हणून टाकले! लाख-सव्वालाख रुपयांच्या साऱ्याचा तंटा त्यांनी राज्य कोणाचे या प्रश्नाला नेऊन भिडविला.

पुढे ऑगस्टमध्ये तडजोड झाली व चौकशी नेमण्यात आली. तिचे एक सदस्य न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, म्हणजे १९२२ मध्ये गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा देणारेच न्यायाधीश. त्यांच्या समितीने बावीस टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणली. शेतकऱ्यांचे गणित बरोबर होते, सरकारचे चुकले होते. पण हिशेब दुरुस्त होईपर्यंत फार उशीर झाला होता. ऐंशी-नव्वद हजार सामान्य माणसांना, एकजुटीने नकार दिला तर साम्राज्य अडते, हे कळून चुकले होते.

म्हणून १९३० मध्ये गांधीजी निघाले ते याच जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे. दांडी तेव्हा सुरत जिल्ह्यात होती. ६ एप्रिलला तेथे मूठभर मीठ उचलले गेले, २१ मे रोजी जिल्ह्यातीलच धारासणा येथे सत्याग्रहींची डोकी फुटली आणि त्याची हकीकत वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराने जगभर पोचविली. त्याच महिन्यात आमच्या कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवरही लाठ्या बरसल्या. ज्या मिठासाठी १८४४ मध्ये सुरतकरांनी सवलत मागितली होती, त्याच मिठावर शहाऐंशी वर्षांनी हक्क सांगितला गेला. खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपली शिकवण. परंतु समुद्राने दिलेल्या मिठाबद्दल परक्याशी इमान का राखावे, हे कोणालाच पटवून सांगता येईना. मिठाचा कर गेला तो १९४७ साली, इंग्रजांच्या बरोबरीनेच!

केवळ करामुळे राज्ये कोसळतात, असे आम्ही म्हणत नाही. स्वातंत्र्यलढ्याला इतर कारणेही पुष्कळ होती. परंतु तक्रार करणाऱ्याला दाद मिळण्याची वाट जेथे बुजते, तेथे आण्याचा वाद राज्याचा वाद होतो. याची उलटी साक्षही सुरतच देते. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराविरुद्ध तेथील कापड व्यापाऱ्यांनी बाजारपेठा बंद ठेवल्या व प्रचंड मोर्चे काढले. ऑक्टोबरात कृत्रिम धाग्यावरील कर अठरा टक्क्यांवरून बारावर आला आणि डिसेंबरात निवडणुकीत मतही देता आले. सर्वांचे समाधान झाले नसेल, पण तक्रार तक्रारच राहिली. लोकशाहीचे हे सामर्थ्य आम्ही गृहीत धरतो, म्हणूनच त्याची किंमत विसरतो.

ती विसरल्याचा दाखला दूर शोधायला नको. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ देशातील या सर्वांत श्रीमंत पालिकेचे अंदाजपत्रक नगरसेवकांवाचून, प्रशासकाच्या सहीने होत राहिले. राज्यातील इतर अनेक शहरांचीही तीच गत झाली. नागरिकाने घरपट्टी वेळेवर भरली. मात्र तिचा जाब विचारायला त्याचा प्रतिनिधी सभागृहात नव्हता. ही उणीव कायद्याच्या आडोशाने, न्यायालयीन वादांच्या निमित्ताने खपून गेली आणि फारसा गलबलाही झाला नाही. ज्या मुंबई इलाख्यात बारडोली घडली, त्याच्या राजधानीत हे घडावे, याचा खेद वाटतो. कर घेणाऱ्याने विचारण्याची आणि देणाऱ्याने जाब मागण्याची सवय मोडता कामा नये. ती लावून घेण्यासाठी सुरत जिल्ह्याने शंभर वर्षे किंमत मोजली आहे.