पुन्हा त्याच दारी

सभेची घंटा वाजते, मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाते, पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिला जातो, आभारप्रदर्शन होते आणि सदस्य जेवणाकडे वळतात. सेवाभावी क्लबांच्या सभांचा हा क्रम गावोगावी सारखाच. बदलीच्या गावी चार ओळखी व्हाव्यात म्हणून बँकेतील अधिकारीही अशा क्लबांत दाखल होतात. पहिली एक-दोन वर्षे वृक्षारोपण, रक्तदान, वह्यावाटप यांत उत्साहाने सरतात. मग हळूहळू मनात प्रश्न डोकावू लागतो, आपण नेमके काय करीत आहोत? सेवेतला हा थकवा कोणी उघडपणे बोलून दाखवत नाही. हजेरीपट तेवढा बोलतो.

रोटरीने या हजेरीचे बंधन पूर्वी फार कडक ठेवले होते. 23 फेब्रुवारी 1905 रोजी पॉल हॅरिस या वकिलाने शिकागोत तीन परिचितांसह पहिली बैठक घेतली. बैठका आळीपाळीने एकेका सदस्याच्या कार्यालयात भरत, त्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडले. कोलकात्यात 1919 मध्ये आणि मुंबईत 1929 मध्ये क्लब निघाले. पुढे अनेक दशके सलग चार सभा चुकवणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येत असे. नियमाने माणूस सभेला येतो खरा. त्याचे मनही येते असे मात्र नाही.

त्या मनाची खरी कसोटी पोलिओच्या कामात लागली. 1979 मध्ये फिलिपिन्समधील मुलांच्या लसीकरणाने रोटरीने या कार्यात पाऊल टाकले. 1985 मध्ये ‘पोलिओप्लस’ योजना जाहीर झाली. 12 कोटी डॉलर उभारण्याचा संकल्प होता; 1988 पर्यंत 24 कोटी 70 लाख जमले. निधी उभारणे हा व्यापारी-व्यावसायिकांचा हातखंडाच म्हणावा. दाराची कडी वाजवणे हे त्याहून वेगळे काम होते.

दिल्लीत 2 ऑक्टोबर 1994 रोजी पल्स पोलिओचा प्रारंभ झाला आणि 1995 पासून मोहीम देशभर पसरली. रविवारी बूथवर लस द्यायची आणि सोमवारपासून घरोघरी फिरायचे, अशी रीत पडली. खांद्याला बर्फाने गार ठेवलेली लसीची पेटी. कुपीच्या लेबलावर एक बारीकसा चौकोन असतो, तो उष्णतेने काळवंडला की लस टाकून द्यायची. दोन थेंब पाजले की बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. घरातील पाच वर्षांखालील सर्व मुलांना लस मिळाली असेल तर दारावर खडूने ‘पी’, एक जरी मूल राहिले असेल तर ‘एक्स’. हे काम मुख्यत्वे आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या करीत. त्यांच्याबरोबर पिवळे जाकीट घातलेले रोटरीचे स्वयंसेवकही असत. कुठे ते वाहन पुरवीत, कुठे मुलांसाठी चेंडू आणि शिट्ट्या आणीत.

2005 मध्ये देशभरात पोलिओचे केवळ 66 रुग्ण आढळले आणि काम संपत आल्यासारखे वाटू लागले. पुढच्याच वर्षी हा आकडा 676 वर गेला. 2009 मध्ये तो 741 होता. इतकी वर्षे राबून जिथून निघालो तिथेच पोचलो, असे वाटण्याजोगीच ही स्थिती. कारणे मात्र समजून घेण्यासारखी होती. पश्चिम उत्तर प्रदेश आणि बिहारच्या दाट, अस्वच्छ वस्त्यांत मुलांना वारंवार जुलाब होत. त्यामुळे तोंडावाटे दिलेली लस पुरेशी लागू पडत नसे आणि त्याच मुलाला पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागत. आईबापांना मात्र यामागचे कारण कोणी नीट सांगितलेले नसे. गल्लीत गटार नाही, तापाला औषध नाही, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी हे लोक दोन थेंब घेऊन हजर! संशय वाढला. ही लस मुलांना नपुंसक करते, अशीही अफवा पसरली. ‘एक्स’च्या खुणा वाढल्या.

थकलेल्या कार्यकर्त्याला नवी उमेद मिळाली ती याच ‘एक्स’च्या दारांत. आजवर तो देणारा म्हणून जात होता; आता त्याला ऐकावे लागले. नकाराच्या मागे अज्ञान कमी आणि गाऱ्हाणे अधिक असते, हे त्याला उमगले. कित्येक गल्ल्यांत रागाचा रोख लसीकडे नव्हताच. मग रोटरीने वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे भरवली, उत्तर प्रदेशात मुस्लिम धर्मगुरूंची समिती स्थापन करून त्यांच्याकरवी कुटुंबांशी संवाद साधला. उत्तर प्रदेश व बिहारमधील 107 जोखमीच्या तालुक्यांसाठी आखलेल्या कार्यक्रमात लसीसोबत स्वच्छता, स्तनपान आणि जुलाबावरील उपचार यांचाही समावेश झाला. जानेवारी 2010 मध्ये अधिक परिणामकारक अशी द्विगुणी लस आली. काल नाकारलेल्या दारावर आज ‘एक्स’ पुसून ‘पी’ लिहिताना जे वाटते ते कोणत्याही मानपत्रात सापडणे अवघड. क्लबांमध्ये मानपत्रे जरा सढळ हातानेच वाटली जातात, हे येथे नमूद करावयास हरकत नाही.

2010 मध्ये रुग्णसंख्या 42 वर आली. 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओ झाला. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा तो भारतातील अखेरचा रुग्ण ठरला. 27 मार्च 2014 रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

तोपर्यंत ज्यांचे पाय गेले त्यांचे काय, हा प्रश्न उरलाच होता. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स रुग्णालयात डॉ. मॅथ्यू वर्गीस यांनी पोलिओग्रस्तांसाठी स्वतंत्र कक्ष चालवला. जमिनीवर हातांच्या आधाराने सरपटत आलेली मुले शस्त्रक्रियेनंतर पट्ट्यांच्या व कुबड्यांच्या साहाय्याने उभी राहत. रोटरीचे साहाय्य या कक्षाला लाभले. मोहिमेचा कंटाळा आलेल्या सदस्याने एक दुपार अशा कक्षात घालवावी, मग पुढच्या रविवारी बूथवर बसण्यासाठी त्याला निराळे आवाहन करावे लागत नाही.

आजच्या तरुण सदस्यापुढची अडचण वेगळी आहे. त्याने पोलिओचा रुग्ण पाहिलेला नसतो. जे दिसत नाही त्यासाठी रविवारची सकाळ का द्यावी? पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अद्याप आहे, आणि 2024 मध्ये मेघालयात लसजन्य विषाणूमुळे एका बालकाला पोलिओ झाल्याचे आढळले. म्हणून मोहिमेच्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडले जाते. दुपारी गर्दी ओसरते. कोणीतरी यादी पाहून सांगते की मागच्या आळीतले एक मूल अजून आलेले नाही, आणि एक जण पेटी खांद्याला लावून उठतो.