कागदावरचा ‘क्रॉनिक’

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, हप्ते गोळा झाले, तरी एक काकू मागे थांबल्या. पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला. नातवानं त्यावरचं वाचून दाखवलं होतं, ‘क्रॉनिक ब्राँकायटिस’. “क्रॉनिक म्हणजे आता माझं काही खरं नाही ना गं?” दोन रात्री झोपल्या नव्हत्या बिचाऱ्या.

हा शब्द मुळात ग्रीक. ‘क्रोनोस’ म्हणजे काळ, वेळ. लॅटिन आणि फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. अचूक वेळ दाखवणाऱ्या घड्याळाला क्रोनोमीटर म्हणतात, तेही याच घरातलं. म्हणजे आजार किती मोठा आहे हे हा शब्द सांगतच नाही, किती काळाचा आहे एवढंच सांगतो. आपण जुनाट खोकला म्हणतो, आयुर्वेदात जीर्णज्वर म्हणतात, तसंच हे.

याचा जोडीदार ‘ॲक्यूट’. हा लॅटिनमधला, अर्थ टोकदार, धारदार. आजार अचानक आणि जोरात येतो तेव्हा हा शब्द लिहितात. अपेंडिक्सला एकाएकी आलेली सूज ॲक्यूट असते, उशीर केला तर जिवावर बेतते. उलट वर्षानुवर्षं कुरकुरणारा गुडघा क्रॉनिक. आता सांगा, जास्त घाई कुठे करायची?

काकूंच्या आजाराची तर व्याख्याच दिवस मोजून केलेली आहे: वर्षातले किमान ३ महिने कफाचा खोकला, आणि असं लागोपाठ २ वर्षं. काकूंनी चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी धरली. विडीला कधी हात लावला नाही, पण धूर तो धूरच.

मात्र जुनाट आहे म्हणून अंगवळणी पाडून घेऊ नका. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर टीबीसाठी थुंकी तपासून घ्यायचीच. आणि बसल्या जागी धाप लागली, ओठ निळे पडले, तर तो जुनाट आजार उसळलाय, लगेच दवाखाना गाठा.

काकूंनी शेवटी विचारलंच, “त्या पंपाची सवय लागते म्हणे?” नाही लागत. बरं वाटलं म्हणून मनानं बंद मात्र करायचा नाही. सध्या त्यांच्या घरी चूल परसात गेलीय, आणि सकाळचा चहा सून गॅसवर करते.