मांजराच्या पावलांनी

पहाटेची वेळ आहे. चीनमधल्या पेइचिंग शहरातली एक बाग. आजी-आजोबा, काका-काकू सगळे रांगेत उभे आहेत. हात कसे ढगांसारखे हळूहळू सरकताहेत! शिट्टी नाही, धापा नाहीत. तुम्ही म्हणाल, हा कसला बुवा व्यायाम? पण ही तर चक्क युद्धकला! तिचं नाव ताई ची.

हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावी ही कला वाढली. यांग लुछान (१७९९-१८७२) तिथे ती शिकला आणि पुढे पेइचिंगमध्ये शिकवू लागला. १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने सर्वांना जमेल असा २४ हालचालींचा संच तयार केला. नावं तरी किती गमतीदार! 'पांढरा करकोचा पंख पसरतो', 'ढगांसारखे हात'. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला.

सगळा संच करायला पाच-सहा मिनिटं पुरतात, शिकायला मात्र कित्येक महिने लागतात. आज एक हालचाल, पुढच्या वेळी तीच पुन्हा आणि जमली तर आणखी एक. नवशिक्यांना मधे उभं करतात, म्हणजे कुठेही वळलं तरी बघायला कुणीतरी जुनं माणूस समोर असतं. चुकलं तर थांबायचं, बघायचं आणि पुन्हा सामील व्हायचं.

करून बघा ना! पाय खांद्याइतके दूर ठेवा. गुडघे किंचित वाकवा, खांदे सैल सोडा. आता सगळा भार उजव्या पायावर घ्या. तो पाय 'भरलेला', डावा 'रिकामा'. रिकामा पाय मांजरासारखा पुढे न्या. आधी टाच टेकवा, मग हळूच भार द्या. पाऊल धप्पकन पडलं? म्हणजे भार पुरता सरकण्याआधीच तुम्ही घाई केलीत! चालताना तोल असाच जातो. म्हणून तर म्हातारपणी पडू नये यासाठी डॉक्टरही ताई ची सुचवतात.

एक पाढा चुकला की "मला येतच नाही" म्हणून वही मिटणारी मुलं मी वर्गात रोज बघते. हुशार असतात हो ती! फक्त पहिला पाय भरायच्या आत दुसरा उचलतात. तुमचंही असंच होतं का? मग आज फक्त एकच पाऊल टाका. धप्पकन पडलं तर पडू दे. उद्या पुन्हा तेच पाऊल. आणि हो, आजीलाही सोबत घ्या, पण तिला आधी भिंतीजवळ उभी करा बरं का!