मृत्युदराचा आलेख : सूत्र बरे की यंत्र?

तिशीतल्या तरुणाने आयुर्विमा उतरवायचे ठरवले, की त्याचा हप्ता निश्चित करताना एक प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो. या वयाच्या हजार व्यक्तींपैकी वर्षभरात किती जण दगावतील? उत्तर प्रत्यक्ष नोंदींत असते. मात्र त्या जशाच्या तशा वापरता येत नाहीत. एखाद्या वयाचा खरा मृत्युदर हजारी एक असला, तरी हजार विमेदारांच्या गटात सरासरी तीन वर्षांतून एकदा एकही मृत्यू होत नाही आणि कधी दोन-तीन होतात. हा निव्वळ योगायोगाचा खेळ. कच्चे आकडे आलेखावर मांडले, की करवतीच्या दात्यांसारखी रेषा उमटते. तिच्या आधारे हप्ते ठरवल्यास थोरल्या भावाला धाकट्यापेक्षा कमी हप्ता पडू शकेल! म्हणूनच विमागणितज्ञ ही रेषा सुरळीत करून घेतात.

खरे आणि खोटे उंचवटे

आपल्याकडे वय शून्याने वा पाचाने संपणाऱ्या आकड्यात सांगण्याची सवय आहे. त्यामुळे जनगणनेत चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशा वयांवर माणसांची गर्दी दिसते. हा उंचवटा खोटा. तो पुसायलाच हवा. याउलट, अनेक देशांत तारुण्याच्या उंबरठ्यावर अपघातांमुळे पुरुषांचा मृत्युदर वाढलेला दिसतो. हा उंचवटा खरा. तो पुसला गेला तर तरुणांची जोखीमच दृष्टिआड होते. पद्धतीची खरी कसोटी लागते ती येथेच.

सूत्रांची परंपरा

प्रौढ वयात मृत्युदर ठरावीक प्रमाणात चढत जातो, हे बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखवले. साधारण आठ वर्षांत तो दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. १८६० मध्ये विल्यम मेकहॅम यांनी त्यात वयाशी निगडित नसलेल्या मृत्यूंची भर घातली. १९२३ मध्ये एडमंड व्हिटेकर यांनी निराळी वाट काढली. रेषा नोंदींच्या जवळही असावी आणि गुळगुळीतही, या दोन परस्परविरोधी मागण्यांचा तोल एकाच अंकाने साधायचा. पुढे १९९२ मध्ये रोनाल्ड ली आणि लॉरेन्स कार्टर यांनी वयाबरोबरच काळानुसार होणारा बदलही प्रारूपात गोवला.

यंत्र काय करते?

मशिन लर्निंगमध्ये सूत्र आधी ठरवले जात नाही. संगणक नोंदींतूनच नाते शोधतो. वय, लिंग, प्रदेश, धूम्रपान अशा अनेक घटकांची गुंतागुंत त्याला पेलते. रोनाल्ड रिचमन आणि मारिओ वुथ्रिख यांनी ली-कार्टर प्रारूपाला न्यूरल नेटवर्कची जोड दिली. अनेक देशांचे आकडे एकत्र शिकवल्यास अंदाज सुधारतो, असे त्यांना आढळले.

परंतु घोकंपट्टी करणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे यंत्रही कधी कधी योगायोगच पाठ करते. म्हणून काही नोंदी बाजूला ठेवून त्यांवर त्याची परीक्षा घेतली जाते. निर्णयवृक्षाची पद्धत तर जिन्याच्या पायऱ्यांसारखा आलेख देते. एका वाढदिवसागणिक हप्त्याने उडी मारली, तर ग्राहकाला त्याचे कारण काय सांगणार?

तोल कुठे?

नव्वदीपुढे नोंदीच तुटपुंज्या असतात. तेथे यंत्राला शिकायला फारसे काही नसते. उलट जुने सूत्र निदान एक वाट दाखवते. वृद्धांचा मृत्युदर वाजवीपेक्षा जास्त धरला, तर निवृत्तिवेतनाचा निधी लोक हयात असतानाच आटतो. तरुणांचा जास्त धरला, तर विमेदार विनाकारण जादा पैसे मोजतो. भारतीय विमेदारांच्या २०१२-१४ या काळातील अनुभवावर बेतलेली मृत्युसारणी १ एप्रिल २०१८ पासून लागू झाली, तेव्हा तिच्यातील प्रत्येक आकड्यामागे असाच विचार होता.

त्यामुळे नोंदी विपुल आणि घटक अनेक असतील तेथे यंत्र, नोंदी विरळ असतील तेथे सूत्र, आणि दोन्हींचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहणे, हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो. दोहोंत तफावत दिसली, तर आधी मूळ नोंदी तपासाव्यात. चूक पुष्कळदा तेथेच सापडते.