तीन स्टार आणि आपल्या मेसचा फॉर्म

मोठमोठे शेफ ज्या पुस्तकाला टरकून असतात ते पुस्तक काढते एक टायर कंपनी! गंमत नाही करत. मिशेलिन ही फ्रान्समधली टायर कंपनी. १९०० साली आंद्रे आणि एदुआर या मिशेलिन बंधूंनी मोटारवाल्यांसाठी एक गाईड काढलं, तेही फुकट. तेव्हा अख्ख्या फ्रान्समध्ये तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या. टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करायचा अशी माहिती त्यात होती. हिशोब सरळ आहे. लोक गाडी काढून फिरले की टायर झिजणार, आणि टायर झिजले की नवे खपणार!

१९२६ पासून या गाईडमध्ये चांगल्या जेवणाला स्टार मिळू लागला आणि १९३१ पासून एक, दोन, तीन अशी चढती श्रेणी आली. अर्थ मोठा मजेदार आहे. एक स्टार म्हणजे आपल्या प्रकारात उत्तम. दोन स्टार म्हणजे वाट वाकडी करून जावं असं. तीन स्टार म्हणजे फक्त तिथे जेवण्यासाठी खास प्रवास करावा असं. म्हणजे हे माप मुळात ‘इथे जेवायला किती लांब यावं?’ या एका प्रश्नाचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, तीनच? आपल्याकडे तर फाईव्ह स्टार असतात! ते प्रकरण वेगळं. आपल्याकडे हॉटेलांना स्टार देण्याची पद्धत पर्यटन मंत्रालयाची आहे. त्यात खोल्या, सोयी, सेवा हे सगळं तपासतात. मिशेलिनचा स्टार मात्र फक्त ताटात जे येतं त्याचा. जिन्नस कसे आहेत, स्वयंपाकाचं तंत्र किती पक्कं आहे, चवींचा मेळ बसतो का, शेफची स्वतःची छाप दिसते का, आणि शेवटचा मुद्दा, रोज तसंच मिळतं का. झुंबर, सोफा, वेटरचा कोट यांना स्टारमध्ये मार्क नाहीत. बैठकीच्या ऐसपैसपणासाठी गाईडने काटा-चमच्याची वेगळी खूण ठेवली होती.

म्हणूनच २०१६ साली सिंगापूरमध्ये एका साध्या स्टॉलला एक स्टार मिळाला. सोया सॉसमधलं चिकन आणि भात, किंमत साधारण दोन सिंगापूर डॉलर! २०२१ मध्ये तो स्टार गेलासुद्धा, कारण स्टार कायमचा नसतो, दरवर्षी नव्याने ठरतो. आणि २०२५ मध्ये दुबईच्या ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ला तीन स्टार मिळाले. भारतीय जेवण देणाऱ्या रेस्टॉरंटला तीन स्टार मिळण्याची ती पहिलीच वेळ.

हे ठरवतं कोण? कंपनीचे पगारी इन्स्पेक्टर. ते नाव न सांगता जातात, जेवतात, बिल स्वतः भरतात आणि निर्णय सगळे मिळून घेतात.

याच्या अगदी उलट टोकाला ‘झगात’. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये टिम आणि नीना झगात या वकील जोडप्याने सुरू केलेलं. इथे तज्ज्ञ नव्हते, तर जेवायला जाणारी साधी माणसंच मार्क द्यायची. जेवण, सजावट आणि सेवा यांना वेगवेगळे, तिशीपैकी. आजच्या ॲपवरचे पाचपैकी स्टार याच कुळातले, फक्त त्यात बरेचदा सगळं एकाच आकड्यात कोंबलेलं असतं. जेवण झकास पण डिलिव्हरी उशिरा, म्हणून एक स्टार! मग तो आकडा नक्की कशाचा?

आणि सरासरीची गोची तर आपल्याला एम-थ्रीमुळे चांगलीच ठाऊक आहे. दहा जणांनी प्रत्येकी ३ दिले तरी सरासरी ३. पाच जणांनी ५ आणि पाच जणांनी १ दिला तरी सरासरी ३च. पहिली मेस ठीकठाक आहे, दुसऱ्या मेसमध्ये निम्मी मुलं उपाशी उठतायत. आकडा तोच.

आकडा हलका घेऊ नये याचं आणखी एक कारण. फ्रान्समधले नामवंत शेफ बर्नार लुआझो यांच्या रेस्टॉरंटचे मार्क ‘गो-मियो’ या दुसऱ्या गाईडने २००३ मध्ये वीसपैकी १९ वरून १७ वर आणले. मिशेलिनचा तिसरा स्टार जाणार अशी कुजबुजही चालू होती. त्यांच्यावर कर्ज होतं, मनही खचलेलं होतं. त्याच फेब्रुवारीत त्यांनी जीव दिला. मिशेलिनचे तिन्ही स्टार शाबूत होते. दोष एकट्या गाईडचा म्हणता येणार नाही, पण आकड्याच्या पलीकडे माणूस असतो एवढं तरी लक्षात ठेवावं.

हे सगळं मी का सांगतेय? कारण सेमिस्टर संपताना मेसचा फॉर्म येतो. एकच ओळ : ‘जेवणाचा दर्जा, १ ते ५’. त्याच्या सरासरीवर काँट्रॅक्ट राहणार की जाणार ते ठरतं, आणि त्यावर भल्या पहाटे कणीक मळणाऱ्या मावशींची नोकरीसुद्धा. आपण तो फॉर्म भरतो कधी? रविवारच्या फीस्टनंतर भरला तर ५, मंगळवारच्या पाणचट आमटीनंतर भरला तर १!

मेस कमिटीतली एक म्हणून माझी सूचना अशी : एका प्रश्नाचे चार करूया. चव, स्वच्छता, पोटभर मिळतं का आणि रोज सारखं मिळतं का. सरासरीबरोबर १ देणारे किती जण आहेत तेही नोटीस बोर्डावर लावूया. आमटी वाईट असेल तर आमटीच सुधारेल, आणि चांगल्या पोळ्या लाटणाऱ्या मावशी आमटीपायी घरी जाणार नाहीत. स्टाफ रूममधल्या सरांना आणि मॅडमना विनंती, दुपारी तुम्हीही इथेच जेवता, तुमचेही फॉर्म हवेत.

नवा फॉर्म रेक्टर सरांकडे मंजुरीला दिला आहे. आला की कोरा सोडू नका, आणि रूममेटचा बघून तर मुळीच भरू नका. ही काही जर्नल नाही!