श्रमदान आमचे, विहीर कोणाची?

उन्हाळा लागला की गावोगावी श्रमदानाची हाक येते. टिकाव, फावडी, घमेली गोळा होतात. पहाटे डोंगरावर समतल चर खोदले जातात, नाल्यात दगडी बांध पडतात. पाणी फाउंडेशनची स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांतल्या ११६ गावांत सुरू झाली आणि २०१९ पर्यंत ७६ तालुक्यांत पोहोचली. या गर्दीत बौद्धवाडीतले, मातंग वस्तीतले तरुण आणि आयाबहिणी मागे नसतात. उलट डोंगर फोडायची सवय त्यांच्याच हाताला जास्त. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली ती कोणी? पाझर तलावांची माती वाहिली ती कोणी?

पाणलोटाचे काम चांगलेच आहे, त्याला विरोध करण्याचे काही कारण नाही. माथ्यावर पाणी अडवले तर माती वाहून जात नाही, पाणी मुरुमात मुरते आणि खाली पायथ्याला विहिरींना पाझर फुटतो. प्रश्न इथेच सुरू होतो. पायथ्याची काळी जमीन कोणाची? नाल्याकाठच्या विहिरी कोणाच्या? आपल्या माणसाकडे जमीन असली तर ती बहुधा वर, बरड माळाला. अनेकांकडे तीही नाही. घाम सगळ्यांचा आणि पाणी विहीरवाल्याचे, असा हा हिशेब आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ मध्येच उदाहरण दिले आहे की, ठरावीक प्रवाहात न वाहणारे, जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत घेण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. इंग्रज गेले, पण हे पाणी सातबाऱ्याला बांधलेले ते बांधलेलेच. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात उपशावर बंधने आणली, पाणलोट क्षेत्रासाठी समित्यांची तरतूद केली. हे बरेच झाले. पण ज्याने डोंगरावर चर खोदले त्या भूमिहीनाला मुरलेल्या पाण्यात वाटा देणारे कलम त्यात नाही.

महाडचे चवदार तळे डोळ्यांना दिसत होते. नगरपालिकेने १९२४ मध्ये ते खुले केल्याचा ठरावही होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जावे लागले आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने सरकारी पैशातून राखलेल्या किंवा सर्वांसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, घाट जातीच्या कारणावरून कोणालाही नाकारता येणार नाहीत असे सांगितले. आजचे पाणी मात्र जमिनीखालून चालते. तिथे कोणी "शिवू नकोस" म्हणत नाही, म्हणायची गरजच पडत नाही. मोटर ज्याची, पाणी त्याचे.

दुसरी वाट नाही असे कोणी म्हणू नये. पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर मोजायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. उसाला बंदी. हरियाणातल्या सुखोमाजरीतही बंधाऱ्याच्या पाण्याचे वाटे घरटी समान पाडले गेले. भूमिहीन आपला वाटा दुसऱ्याला देऊन त्याचा मोबदला घेऊ शकत होता. हे दिल्लीच्या एखाद्या आयोगाने नव्हे, गावांनी केले. आपल्याकडे आदर्श गावांचे गोडवे गाणाऱ्यांना नायगावचा हा नियम मात्र क्वचितच आठवतो.

आणि श्रमदान या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे. गावकीचे फुकट काम करणे आपल्या बापजाद्यांना नवे नव्हते. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले ते त्याचसाठी. ज्याच्या विहिरीला पाणी वाढणार त्याचे श्रम ही गुंतवणूक ठरते. ज्याला विहीरच नाही त्याचे श्रम वेठीच्या जवळ जातात. मृद आणि जलसंधारण ही तर १९७७ च्या रोजगार हमी कायद्यापासून मजुरीची कामे. मग मजुराने आधी मजुरी मागावी, यात गावद्रोह कसला?

याचा अर्थ घरी बसा असा नाही. कामावर जाऊ या, पण कागद करून. केंद्राच्या २००८ च्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावाच्या पाणलोट समितीत निम्मे सदस्य बचत गट, वापरकर्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि भूमिहीन यांचे असावेत. या सूचनांखाली तुमच्या गावात जी कामे झाली, त्या समितीत आपले कोण होते? नाव होते की नुसता अंगठा? ही यादी माहिती अधिकारात मागता येते. ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावे की वाढलेल्या पाण्यातून पहिला हक्क वस्तीच्या पिण्याच्या पाण्याचा, तलावातल्या मासेमारीत आणि गाळपेर जमिनीत भूमिहीनांचा वाटा, आणि नव्या बोअरला बंदी. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली, ती पाळली, आणि गावचे काही बिघडले नाही.

चराईबंदीचेही तसेच. डोंगर हिरवा व्हायला कुऱ्हाडबंदी, चराईबंदी लागते हे खरे. पण चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या विधवेला कोणी विचारले का? बागायतदाराच्या म्हशी गोठ्यात वैरण खातात, शेळीला माळच लागतो. गवत उगवल्यावर कापून नेण्याचा पहिला मान तिचा, हे बंदीच्या दिवशीच ठरले पाहिजे. मागाहून ते कोणी ठरवत नाही.

सर्वांत जपायचे ते गायरान. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांपासून कसलेल्या या जमिनी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करायची होती. अनेकांचे सातबारे अजून कोरेच आहेत. पाणलोटाच्या आराखड्यात हीच गायराने 'पडीक' म्हणून रंगवली जातात आणि त्यावर वृक्षलागवड दाखवली जाते. गावाची सामाईक जमीन मोकळी करा असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल अधिकारी पुढे करतात. त्याच निकालात भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे, तो परिच्छेद कोणी वाचून दाखवत नाही. तो आपण वाचून दाखवावा. आराखड्याचा नकाशा ग्रामपंचायतीत लागला की आपले गट नंबर तपासावेत, कसणुकीचे पुरावे जोडून हरकत लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. हे पहिला टिकाव पडण्याआधी.