कोतवाल बुकातली पणजी

घराण्याचा शोध घेणारे बहुतेक जण जन्मापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. शंभर वर्षांपूर्वी खेड्यात कोण कधी जन्मलं, हे घरच्यांनाही धड सांगता येत नसे. मरणाचा दिवस मात्र लक्षात ठेवावाच लागे, कारण दरवर्षी त्या तिथीला पान वाढायचं असे. म्हणून माझ्या पणजीचा माग मी तिच्या मरणापासून काढायला घेतला.

हाताशी तीनच गोष्टी होत्या. आजोबा सांगत, ‘आई मानमोडीत गेली.’ तिचं श्राद्ध आश्विन वद्य चतुर्थीला होई. आणि पितृपंधरवड्यात तिचं पान अविधवा नवमीला वाढलं जाई. म्हणजे ती नवऱ्याच्या आधी, अहेवपणी गेली. साल कुणाला माहीत नव्हतं. माहेर कुठलं, हेही नाही.

मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. त्या वर्षी जूनमध्ये तो मुंबई बंदरातून शिरला आणि पावसाळा सरता सरता दुसऱ्या, जास्त घातक लाटेत गावोगाव पसरला. पावसाने दगा दिला होता, धान्य महागलं होतं. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्यात वीस ते चाळीस वयाची फार, आणि बायका पुरुषांपेक्षा अधिक. इसवी सनातून ७८ वजा केले की त्या शरदातला शक मिळतो, १८४०. नगर जिल्ह्यातल्या माणसाला त्या वर्षीचा आश्विन मोजायला पंचांगही उघडावं लागत नाही. शिर्डीच्या साईबाबांनी देह ठेवला तो दसरा १५ ऑक्टोबर १९१८चा. त्यापुढे कोजागरी, मग वद्य पक्ष. चतुर्थी २३ तारखेच्या आसपास येते.

तिथीची तारीख करताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी पुढच्या तिथ्या उशिरा पडतात. आणि आपला महिना अमावास्येला संपतो, तर काशी-प्रयागकडचा पौर्णिमेला. त्यामुळे आपली आश्विन वद्य चतुर्थी तिकडच्या वहीत कार्तिक वद्य चतुर्थी म्हणून सापडते.

तारखेचा अंदाज आला की कचेरी गाठायची. आज खेड्यातल्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायत देते. इंग्रजी अमदानीतल्या नोंदी मात्र तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, गाव नमुना नंबर १४ या वहीत मिळतात. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. गावात मयत झालं की कोतवाल पाटलाला वर्दी देई आणि ती वहीत उतरे. मराठवाड्यात निजामाच्या अमदानीतल्या नोंदी उर्दूत असतात आणि साल फसली असतं; फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो.

अर्जात गाव, साल, मयताशी नातं लिहिलं, तिकीट डकवलं. आतून लाल कापडाचा रुमाल आला. गाठ सोडली तशी वहीच्या कडांचा चुरा टेबलावर पडला. पानं तपकिरी, शाई जागोजागी कागद खाऊन गेलेली, आणि सगळं मोडी लिपीत. सोबत मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक होते. मी नाव शोधायला लागलो तसं त्यांनी थांबवलं. ‘नावाच्या मागे लागू नका. आधी आकडे बघा. तारीख सापडली की नाव आपोआप हाताला लागतं.’

त्याचं कारण वहीतच दिसत होतं. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेतो आणि हात न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जातो. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, घाईच्या हाताचे व आणि ब एकमेकांत मिसळतात. आकडे मात्र देवनागरीसारखेच, त्यामुळे नवख्यालाही वाचता येतात. अनुक्रम, तारीख, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, मरणाचं कारण, असे रकाने. पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ आणि बापाचं नाव. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचं. आडनाव असेलच असं नाही.

वयाच्या रकान्यात मोठ्यांची वयं बहुतेक पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस अशीच. वय विचारून नव्हे, अंदाजाने लिहिलं जाई. ते पाच वर्षं इकडे-तिकडे धरूनच चालावं. कारणाचे प्रकारही मोजके: पटकी, देवी, प्लेग, हगवण, खोकला-दमा, जखम, आणि यात न बसणारं बहुतेक सगळं ‘ताप’.

त्या सालचं वहीचं पान उलटताना साथ डोळ्यांना दिसते. उन्हाळ्यात महिन्याला तीन-चार ओळी. सप्टेंबरच्या अखेरीस त्या दाटायला लागतात. ऑक्टोबरमध्ये एकेका तारखेखाली चार-चार, पाच-पाच नावं, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याचा हातही बदललेला: अक्षर आधी बारीक, गोल, मध्येच मोठं, वाकडं, महिन्याच्या शेवटी पुन्हा वेगळं. आधीचा लिहिणारा आजारी पडला असेल किंवा गेलाही असेल.

पणजी २४ तारखेखाली सापडली. ‘कोम’पुढे पणजोबांचं नाव, वय २५, ताप. वर्दी दुसऱ्या दिवशी पोहोचत असे, म्हणून तिथी आणि तारखेत एका दिवसाचा फरक चालतो. तिच्याखाली दोन ओळी सोडून पुन्हा पणजोबांचंच नाव होतं, या वेळी बापाच्या रकान्यात. मुलगी, वय ९ महिने, ताप. आजोबांना एक बहीण होती हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. लहान मुलाचं श्राद्ध नसतं, त्यामुळे तिला तिथी नव्हती, आणि तिथी नव्हती म्हणून आठवणही उरली नाही.

एका नोंदीवर विसंबू नये, दुसरा कागद हवाच. जमीन असणाऱ्यांसाठी तो कागद म्हणजे फेरफार. खातेदार मेला की वारसांची नोंद होते. त्यात मयताची तारीख आणि वारसांची नावं मिळतात. पणजोबांचा फेरफार मिळाला, त्यात मुलगे होते. पणजीचा फेरफार असणं शक्यच नव्हतं. तिच्या नावावर जमीन नव्हती.

तिचा दुसरा पुरावा नाशिकला, रामकुंडाजवळ एका तीर्थोपाध्यायांच्या घरी मिळाला. अस्थी घेऊन आलेल्या माणसाचा लेख त्यांच्या वहीत घेतला जातो. गाव आणि आडनाव सांगितलं की कुठल्या उपाध्यांकडे जायचं ते कळतं; मग लांबट वह्यांतून आपल्या गावाचं पान निघतं. पणजोबा पत्नीच्या अस्थी घेऊन आले होते. वडील, आजोबा, भाऊ, मुलगा यांची नावं आणि खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी. त्याच पानावर बऱ्याच वर्षांनी आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख होता, पणजोबांच्या अस्थी आणल्या तेव्हाचा. श्राद्धात आईच्या वडिलांनाही पिंड देतात, म्हणून त्यांनी आजोळच्या आजोबांचं नाव आणि गाव लिहिलं होतं. पणजीचं माहेर असं कळलं.

वर्तमानपत्रांचा उपयोग पुढच्या पिढ्यांसाठी होतो. ‘केसरी’ १८८१पासून आहे, पण जुन्या अंकांत निधनवार्ता छापून येई ती शहरातल्या नामांकितांची. अलीकडच्या साध्या कुटुंबांसाठी जिल्ह्याच्या दैनिकातलं छोटं ‘दुःखद निधन’ आणि वर्षश्राद्धाची जाहिरात कामाची ठरते. शोकाकुल परिवाराच्या यादीत लेकींची सासरची आडनावं असतात, दशक्रियेच्या ठिकाणावरून मूळ गाव कळतं.

हे सगळे कागद शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक दिसते. फेरफारात जमीनवाला असतो. तीर्थोपाध्यांच्या वहीत, ज्याला नाशिकपर्यंत जाणं परवडलं तो. वर्तमानपत्रात नामवंत. भूमिहीन, बायका, तान्ही मुलं, वाटेत मेलेला परगावचा मजूर, या सगळ्यांना ओळ मिळाली ती फक्त कोतवालाच्या वर्दीतून लिहिलेल्या वहीत. गावाचं सगळं मरण एकत्र असलेला दुसरा कागद मला माहीत नाही. आजच्या दाखल्यात मरणाचं कारणही नसतं. १९६९च्या कायद्याने ते उताऱ्यात द्यायला मनाई आहे. या जुन्या वहीत ते आहे.

आज या वह्यांना मागणी आहे ती जातीच्या पुराव्यासाठी. कुणबी नोंदींसाठी २०२३मध्ये राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली, त्यातही गाव नमुना १४ होता. ज्याचा हक्क त्या रकान्यावर अवलंबून आहे त्याने तो शोधलाच पाहिजे. पण माणसं आपली एक ओळ, त्यातही एक रकाना, नकलून घेतात आणि रुमाल पुन्हा बांधला जातो. माझीही विनंती फक्त पणजीच्या ओळीची नक्कल मिळावी अशी असती, तर खालची तिच्या मुलीची ओळ मी वाचली नसती.

म्हणून कचेरीत जाल तेव्हा आपल्या नोंदीच्या आसपासचं सगळं पान वाचून घ्या. त्या ओळींत चुलत घरं निघतात, शेजारी निघतात, आणि ज्यांच्यामागे विचारायला कुणी उरलं नाही अशी माणसंही निघतात. १९१८च्या ऑक्टोबरचं एका गावाचं पान वाचायला मोडी जाणणारा एक माणूस आणि एक दुपार पुरते. कागद झिजतो आहे आणि मोडी वाचणारे म्हातारे होत आहेत. प्रत्येक गावाने हे वाचन आपलं काम समजून आत्ताच करून घ्यावं, नावं देवनागरीत लिहून काढावीत आणि ती यादी गावाच्या वाचनालयात ठेवावी.